व्हेरिकोज व्हेन्सवर उपचार : आधी, त्या दिवशी आणि नंतर काय होतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

उजव्या पायाच्या नसा पोटरीपासून मांडीपर्यंत फुगल्या आहेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं, हळूहळू वाढत गेलं. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याशी सूज येते, मोज्याचा वळ उमटतो आणि रात्री पोटरीत गोळे येतात. हल्ली घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडायला लागली आहे, खाजही सुटते. डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) केली. खोलवरच्या शिरा ठीक, कुठे गुठळी नाही, पण मांडीतून जाणाऱ्या मोठ्या वरवरच्या शिरेची जांघेतली झडप निकामी झाली आहे, असं रिपोर्टमध्ये आहे.

एका सर्जननी लेझर सुचवलं, दुसऱ्यांनी ग्लू, म्हणजे शीर गोंदाने चिकटवून बंद करणं. सासूबाईंच्या ओळखीचे एक वैद्य जळवा लावतात, तेही एकदा करून बघ असं घरून चाललं आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर उभं राहणं आलंच. दिवाळीच्या सुट्टीत उरकावं असा विचार आहे.

ज्यांनी उपचार घेतलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. दुखतं किती? भूल कसली देतात? घरी कधी सोडतात, वर्गात उभं कधी राहता येतं? ते घट्ट मोजे किती दिवस घालायचे? आणि एवढं करून पुन्हा होतं का?

चहाबाज

माझ्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सीने शीर बंद करणं) झालं, पुण्यात. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. रात्री तिने स्वतः कुकर लावला आणि मी ओरडा खाल्ला, की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तर मला पलंगावर का बसवून ठेवतोस! काळजी करू नका ताई, होऊन जाईल.

प्राजक्ता_म

माझं लेझर डाव्या पायाला झालंय. तुझ्या प्रश्नांच्या क्रमाने लिहिते.

आधी उभं करून मार्कर पेनाने पायावर सगळ्या फुगलेल्या नसा आखून घेतात. आडवं झालं की नसा सपाट होतात, मग सापडत नाहीत. नंतर गुडघ्याच्या जवळ सुई टोचून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत शिरेच्या आत बारीक तार सरकवतात. हे कळतही नाही. कळतं ते त्यानंतरचं. शिरेच्या भोवती मांडीभर गार, भुलीचं पाणी भरतात. त्यासाठी गुडघ्यापासून जांघेपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर सुया टोचतात. पहिल्या दोन-तीन सुया चांगल्याच झोंबल्या, पुढच्या नाही. मांडी टम्म होते, आणि आतून गारठा जाणवतो.

मग सगळ्यांना चष्मे. मलाही घातला. लेझर सुरू झाल्यावर एक बीप-बीप आवाज येत राहतो आणि तार हळूहळू मागे ओढतात. दुखलं नाही. तोंडात मात्र जळकी, धातूची चव आली, ती मला कोणी आधी सांगितली नव्हती म्हणून दचकले. तुला आली तर घाबरू नकोस.

पोटरीवरच्या वेड्यावाकड्या नसा त्याच बैठकीत बारीक हुकाने काढल्या. दोन-तीन मिलिमीटरचे छेद, टाके नाहीत, नुसत्या चिकटपट्ट्या. आता शोधूनही सापडत नाहीत.

मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखेल. तसं नाही. पहिले काही दिवस मी मजेत होते. आठवडा संपता संपता मांडीच्या आतून ओढ लागायला लागली, पाय सरळ केला की जास्त. हात लावला तर शीर कडक लागायची. डॉक्टर म्हणाले शीर आक्रसतेय, हे व्हायलाच हवं. साध्या वेदनाशामक गोळीवर भागलं.

शल्यकर्मी

मी सर्जन आहे, शिरांचं काम नियमित करतो. इथे बसून निदान करणार नाही, पण धागाकर्तीच्या प्रश्नांमागचं थोडं सांगतो.

गोदाकाठ, तुमच्या लिहिण्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ घोट्याजवळच्या तपकिरी डागाची आहे. आम्ही या आजाराच्या पायऱ्या शून्य ते सहा अशा मोजतो. नुसत्या फुगलेल्या शिरा ही दुसरी पायरी, सूज ही तिसरी, कातडीचा रंग बदलणं किंवा इसब ही चौथी, भरून आलेली जखम पाचवी आणि उघडी जखम सहावी. तुम्ही चौथीवर आहात. म्हणजे हा आता पाय कसा दिसतो याचा प्रश्न राहिलेला नाही. दिवाळीत करायचं ठरवलंत ते योग्यच आहे, पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

लेझर आणि आरएफ दोन्हींत शीर आतून उष्णतेने बंद करतात. नेहमीच्या आरएफमध्ये कॅथेटरचा (शिरेत सरकवायच्या बारीक नळीचा) सात सेंटीमीटरचा तुकडा १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, प्रत्येक टप्प्यावर वीस सेकंद. लेझरमध्ये हल्ली १४७० नॅनोमीटरचा वापरतात, जुन्या तरंगलांबींपेक्षा त्यात नंतरचं दुखणं आणि काळंनिळं पडणं कमी. वर्षभरानंतर शीर बंद असण्याचं प्रमाण दोन्हींत ९० टक्क्यांच्या वर. दोघांत निवडायचं झालं तर मशीनपेक्षा करणाऱ्याचा हात बघा.

ग्लूमध्ये उष्णता नाही, त्यामुळे मांडीभर सुया नाहीत आणि मज्जातंतूला भाजण्याचा धोका नाही. पण तो पदार्थ शरीरात राहतो, आणि काही जणांना त्याची प्रतिक्रिया येऊन शिरेच्या वाटेवर लाल, खाजरी सूज येते. ज्यांना चिकटपट्टीची किंवा नखांच्या गोंदाची ॲलर्जी आहे त्यांनी हे आधी सांगायलाच हवं.

भुलीबद्दल : आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी कमरेतून भूल देतात. त्यात चुकीचं काही नाही, पण पाय काही तास बधिर राहतो, लघवीला त्रास होऊ शकतो आणि लगेच चालता येत नाही. या उपचारानंतर लवकर चालणं हेच गुठळी टाळण्याचं मुख्य औषध आहे. नुसत्या स्थानिक भुलीत होईल का, हे विचारा.

बांधावरून

डॉक्टरसाहेब, एक शंका. शीर बंदच करून टाकली तर मग पायातलं रक्त वर जातं कुठून? आमच्या आईला हेच पटंना, म्हणून दोन वर्षं ऑपरेशन लांबलं.

शल्यकर्मी

सगळ्यांचाच पहिला प्रश्न हाच असतो. पायातलं ९० टक्क्यांच्या आसपास रक्त खोलवरच्या शिरांतून वर जातं, वरवरच्या शिरांचा वाटा लहान. त्यातही जिची झडप गेली आहे ती शीर रक्त वर नेतच नाही, वरचं खाली आणते. ती बंद केल्यावर खोल शिरांवरचा बोजा कमी होतो. म्हणूनच आधी खोल शिरा मोकळ्या आहेत ना हे डॉपलरवर पाहतात. तिथे जुनी गुठळी असेल तर सगळा हिशेब बदलतो.

बांधावरून

आलं ध्यानात. विहिरीतल्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी बंद मोटारीतनं परत विहिरीत उतरतं, तसंच की. आईला आता हेच सांगतो, तिला मोटारीचं सगळं कळतं.

लीड्सकर

इंग्लंडमधला अनुभव. इथे नाइस या संस्थेने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : आधी लेझर किंवा आरएफ, ते जमण्यासारखं नसेल तर फोमचं (औषधाच्या फेसाचं) इंजेक्शन, तेही नसेल तर जुनी शीर ओढून काढायची शस्त्रक्रिया. एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेत हे मोफत होतं, पण नुसतं दिसायला वाईट म्हणून करत नाहीत. त्रास किंवा कातडीतला बदल हवा. मी बराच काळ रांगेत होतो.

प्रत्यक्ष दिवस अगदी साधा. खोलीत रेडिओ चालू, नर्स गप्पा मारत होती. उठून कपडे घातले, अर्धा तास तिथल्याच कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावल्या आणि सोडलं. गाडी चालवायची नाही म्हणून बायको न्यायला आली होती.

एक गोष्ट भारतात येऊन करणाऱ्यांसाठी. मला महिनाभर लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं होतं. बरेच जण इथून सुट्टीत येतात, पाय करून घेतात आणि परतीचं तिकीट आठवड्यावर असतं. तसं करू नका.

जिरेमिरे

लीड्सकर, मोज्यांचं काय सांगितलं तिथे? इथे मला सहा महिने घाला म्हणाले. विदर्भातला मे महिना आणि मांडीपर्यंतचे रबरी मोजे! घाम, घामोळं, चिडचिड.

लीड्सकर

त्याच सूचनांत दोन वाक्यं आहेत. उपचार करण्यासारखा असेल तर उपचाराऐवजी मोजे देऊ नयेत. आणि उपचारानंतर मोजे किंवा पट्टी दिलीच, तर सात दिवसांपेक्षा जास्त नको. मी तेवढेच घातले.

शल्यकर्मी

जिरेमिरे, लीड्सकर म्हणतात ते बरोबर आहे, पण ते शीर बंद केल्यानंतरच्या मोज्यांबद्दल. ज्यांची खोल शिरांची झडप बिघडली आहे, सूज राहते किंवा जखम होऊन भरली आहे, त्यांना मोजे दीर्घकाळ लागतात. तुम्हाला सहा महिने का सांगितले ते तुमच्या डॉक्टरांना नीट विचारा. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात, मांडीपर्यंतचे लागतीलच असं नाही.

आणि एक इशारा. मधुमेह, धूम्रपान किंवा वय जास्त असेल तर मोजे घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासलेल्या हव्यात. रक्त खाली येणंच कमी असेल तर घट्ट मोजा पाय बिघडवतो. दुकानातून आणून सरळ चढवू नका.

कोकणकन्या

मोज्यांवरून माझं थोडं. आईला मी रोज घालून देते.

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, कारण एकदा पायावर सूज आली की मोजा चढत नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढायचे, नुसत्या बोटांनी ओढलं तर नख लागून फाटतात. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, टाच नीट बसवायची आणि मग वर गुंडाळत न्यायचा. वरची कड दुमडून ठेवायची नाही, तिथे करकचून काच बसतो. रात्री काढायचे. हाताने साध्या साबणात धुऊन सावलीत वाळत घालायचे. दोन जोड ठेवायचे.

माप सकाळी द्या. आम्हाला एका दुकानात संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप घेऊन एक नंबर मोठा दिला होता, तो दुपारपर्यंत घोट्याशी गोळा व्हायचा.

भिंगरी

रबरी हातमोज्यांची युक्ती फार कामाची! नवऱ्याला आणि मला मिळून सासऱ्यांचा एक मोजा चढवायला वीस मिनिटं लागायची. आजच हातमोजे आणते.

वैद्य_सु

धागाकर्तीने जळवांचा उल्लेख केला आहे म्हणून लिहिते. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, पंचकर्म करते. जलौकावचरण, म्हणजे जळवा लावणं, ही शास्त्रोक्त पद्धत आहे आणि आजूबाजूची सूज, ठणका, खाज यात रुग्णांना आराम वाटलेला मी पाहिला आहे. पण जांघेतली झडप निकामी असताना जळवेने ती झडप परत जुळत नाही. हे रुग्णाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. चौथ्या पायरीवर, जिथे कातडी आधीच नाजूक झाली आहे, तिथे मी स्वतः जळवा लावत नाही. चावा चिघळला तर व्रण होतो.

पथ्य, वजन, बद्धकोष्ठ न होऊ देणं, पायाला हलक्या हाताने तेल, हे जरूर करा. पण डॉपलरमध्ये एवढा स्पष्ट दोष असताना 'ऑपरेशनशिवाय नसा गायब' असं कोणी म्हणत असेल तर तिथून निघा.

अनिकेत७८

वैद्य_सु, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'आराम वाटतो' म्हणूनच लोक वर्षानुवर्षं तिकडे थांबतात. माझ्या वडिलांचं सांगतो.

वडील एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी उभ्याने गेली. निवृत्तीनंतर डाव्या घोट्याच्या आत, हाडाच्या जरा वर, रुपयाएवढी जखम झाली. शुगर थोडी वाढलेली होती, म्हणून प्रत्येकाने शुगरवर खापर फोडलं. मलमं, अँटिबायोटिक, लेप, पावडरी. जखम कधी आखडायची, कधी तळहाताएवढी व्हायची. भोवतीची कातडी काळपट, बोटाने दाबली तर दबत नव्हती इतकी कडक. पट्टी बदलताना पिवळं पाणी घोट्यावरून ओघळायचं आणि त्या वासाने वडील स्वतःच कोणाकडे जायचे बंद झाले. लग्नकार्य नाही, देऊळ नाही.

शेवटी एका तरुण सर्जननी चप्पल काढून उभं राहायला सांगितलं आणि पूर्ण पाय पाहिला. तोवर कोणी गुडघ्याच्या वर पाहिलंच नव्हतं. उभ्याने डॉपलर, आधी धमन्या ठीक असल्याची खात्री, मग थरांची दाब देणारी पट्टी दर आठवड्याला आणि लगोलग आरएफ. काही महिन्यांत जखम बंद झाली. आता गुडघ्यापर्यंतचे मोजे रोज घालतात, आणि पहाटे पर्वतीला जातात.

एवढं मोठं लिहिलं कारण घरोघरी असा एक म्हातारा माणूस आहे. घोट्याच्या आतली जखम महिना उलटून भरत नसेल तर मलम बदलू नका, शिरा तपासा.

वैद्य_सु

अनिकेत, पटलं. तुमच्या वडिलांना बरं वाटलं हे वाचून फार बरं वाटलं. मी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशा प्रत्येक जखमेला आधी डॉपलरला पाठवते, हे इथे नोंदवते.

शल्यकर्मी

जखम असताना आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू, असं पूर्वी चालायचं. ब्रिटनमधला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाबपट्टीसोबत शीर लवकर बंद केली तर जखम लवकर भरते, असं त्यात स्पष्ट दिसलं. अनिकेतच्या वडिलांच्या सर्जननी तेच केलं.

पायपीट

जरा वेगळा विषय, पण हे आजार ज्या कामांतून वाढतात त्यावरही बोलायला हवं. साड्यांच्या दुकानांतल्या मुली सकाळी दहा ते रात्री नऊ उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. केरळमध्ये बायकांनी यासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं बंधनकारक झालं. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर चक्कर मारा आणि किती दुकानांत काउंटरमागे स्टूल दिसतं ते पाहा.

चहाबाज

आणि शाळांचं काय? बायको शिक्षिका. परीक्षेला पर्यवेक्षकाने तीन तास बसायचं नाही, असा तिच्या शाळेत अलिखित नियम. न्हावी, पोळ्या लाटणाऱ्या मावश्या, वाहतूक पोलीस, सगळे त्याच रांगेत.

प्राजक्ता_म

हो ना. पण उभं राहण्यापेक्षाही एका जागी स्थिर उभं राहणं वाईट, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. चाललं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. गोदाकाठ, वर्गात फेऱ्या मारत शिकव, फळ्याशी उभी असताना टाचा वर-खाली कर. मुलांना वाटेल बाईंना नवीन खोड लागली :)

सह्यकडा

वारीला जाता येतं का मग? आत्या दरवर्षी आळंदीहून जाते, यंदा तिचे पाय बघून सगळे नको म्हणतायत.

शल्यकर्मी

चालण्याला बंदी नाही, उलट चालणं चांगलंच. मुक्कामावर पाय उशीवर उंच ठेवून झोपायला सांगा, गुडघ्यापर्यंतचे मोजे द्या. कातडी फाटलेली किंवा जखम असेल तर मात्र पावसाचिखलात नको. आणि जाण्याआधी एकदा डॉपलर. आत्यांना तपासल्याशिवाय याहून जास्त सांगता येणार नाही.

कोकणकन्या

डॉक्टर, शीर फुटून रक्त येतं त्याबद्दल लिहा ना. माझ्या मावशीला झालं होतं. गरम पाण्याने आंघोळ करताना घोट्याजवळची एक निळी, फुगीर जागा फुटली. दुखलं नाही, म्हणून तिला कळलंच नाही. बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर लाल पाणी मोरीकडे जाताना दिसलं तेव्हा समजलं. घरच्यांनी तिला खुर्चीत बसवलं, पाय खाली सोडून, वर घट्ट फडकं बांधलं. रक्त थांबेना.

शल्यकर्मी

हे प्रत्येकाने पाठ करून ठेवा. माणसाला जमिनीवर आडवं करा. पाय छातीच्या वर उचला. स्वच्छ कापडाची घडी करून फुटलेल्या जागेवरच बोटांनी दाबून धरा, दहा मिनिटं, मध्ये उचलून बघू नका. मग घट्ट पट्टी आणि दवाखाना. खुर्चीत बसवलं की पायातला दाब वाढतो आणि वर मांडीला फडकं आवळलं तर आणखी वाढतो. पाय वर केला की बहुतेक रक्तस्राव काही क्षणांत मंदावतो. एकदा असं झालेल्या माणसाला उपचार लवकर हवेत.

भिंगरी

मला पाचवा महिना सुरू आहे आणि डाव्या पायावर नसा दिसायला लागल्यात. आत्ताच काही करावं लागेल का?

शल्यकर्मी

अभिनंदन! गरोदरपणात लेझर, इंजेक्शन वगैरे सहसा करत नाही. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात. सध्या मोजे, डाव्या कुशीवर झोपणं, चालणं. मात्र एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरी दुखली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दाखवा, ती खोल शिरेतली गुठळी असू शकते.

मृद्गंध

खर्च आणि विम्यावर कोणीच लिहिलं नाही. माझा अनुभव : बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. पॉलिसी नवी असेल तर आधी तो मजकूर वाचा. आमच्या विमा कंपनीने लेझर मंजूर करताना 'सौंदर्यासाठी नाही' याचा पुरावा मागितला. डॉक्टरांच्या पत्रात सूज, कातडीचा रंग, डॉपलरमधला दोष असं सगळं लिहिलेलं होतं म्हणून सुटलं. गोदाकाठ, तुमच्या घोट्याच्या डागाचा फोटो आणि पत्रात नोंद असू द्या.

रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात फायबर (लेझरची तार) किंवा कॅथेटर वेगळा दाखवलेला हवा आणि तो नवा, सीलबंद उघडणार का हेही विचारा. विचारायला लाजायचं नाही. ग्लूचं किट महाग पडतं, आणि आमच्या कंपनीने तेवढ्या रकमेला नकार दिला होता. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते विचारावं.

जिरेमिरे

आणि फोमचं कोणी लिहिलं नाही. मला लेझरनंतर उरलेल्या नसांसाठी दिलं. औषध हवेबरोबर दोन सिरिंजमध्ये घुसळून पांढरा फेस करतात आणि बारीक सुईने टोचतात. दहा मिनिटांचं काम. पण नंतर त्या रेषांवर तपकिरी डाग राहिले, जायला वर्ष होत आलं. एका ठिकाणी गाठ झाली होती, ती सुईने टोचून त्यातलं जुनं काळं रक्त काढलं, लगेच बरं वाटलं. उन्हाळ्यात पाय झाकून ठेवा, डाग जास्त गडद होतात.

बांधावरून

आमच्या काकांची बायपास झाली तेव्हा पायातलीच शीर काढली होती. इथं ती जाळून टाकली तर पुढं मागं हृदयाला काय लावायचं?

शल्यकर्मी

चांगला प्रश्न. जी शीर इतकी ताणून रुंदावली आहे ती बायपासला सहसा चालतच नाही. दुसऱ्या पायातली शीर, किंवा छातीच्या आतली वा हातातली धमनी वापरता येते. निरोगी शीर उगाच कोणी बंद करत नाही, करूही नये. म्हणूनच केवळ बारीक जांभळ्या रेषा आहेत म्हणून मोठी शीर जाळायला निघालेल्या माणसाकडून दुसरं मत घ्या.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीत करून घेतलं, आता शाळाही सुरू झाली. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून माझं लिहिणं आलंच.

शेवटी लेझर केलं, स्थानिक भुलीत. दोन्ही डॉक्टरांना मी एकच विचारलं : माझी डॉपलर तुम्ही स्वतः, मला उभं करून, पुन्हा बघाल का? एकांनी लगेच उभं केलं, अर्धा तास पडद्यावर मला दाखवत बसले. पोटरी दाबून सोडली की रक्त उलटं फिरून पडद्यावरचा रंग निळ्याचा लाल होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. निम्म्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं आलं तर दोष समजतात, माझं कितीतरी जास्त वेळ येत होतं. दुसऱ्यांनी रिपोर्ट आहे ना म्हणून सोडून दिलं. तिथेच माझं ठरलं.

सुया झोंबल्या, प्राजक्ता म्हणाली तशाच. तोंडाला चव वगैरे काही आली नाही. टेबलावरून उतरून चालत बाहेर आले. रात्री पट्टी सैल वाटली, चादरीला थोडं पाणी आणि रक्त लागलं होतं. फोन केल्यावर कळलं की ते भुलीचं पाणीच बाहेर येतं. हे आधी माहीत असतं तर जुनी चादर घातली असती. तुम्ही घाला.

आठवड्याच्या आत पुन्हा डॉपलर केली. शीर बंद, खोल शिरेत गुठळी सरकलेली नाही. ही तपासणी कोणी टाळू नका. मांडीवर हिरवं-पिवळं पडलं होतं ते गेलं. गुडघ्याखाली आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. त्याबद्दल आधीच सांगितलं होतं, काही महिन्यांत बहुधा जाईल म्हणाले, कधीकधी राहतंही. रात्रीचे गोळे मात्र पूर्ण थांबले. खाज नाही. तपकिरी डाग तसाच आहे, तो पूर्ण जाणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पुन्हा होईल का, हेही विचारलं. ही शीर बंद राहण्याची शक्यता मोठी, पण दुसऱ्या शिरा काही वर्षांनी फुगू शकतात, घराण्यात असेल तर जास्त. माझ्या आईला होत्या, बहिणीला आहेत. बहिणीलाही डॉपलरला घेऊन जाते आहे.

मुख्याध्यापकांना पायपीट यांचं स्टूलचं म्हणणं सांगितलं. पर्यवेक्षकांसाठी प्रत्येक वर्गात एक खुर्ची ठेवायचं या सत्रापासून ठरलं आहे.

चहाबाज

खुर्चीसाठी कडक टाळ्या! बायकोच्या शाळेचा पत्ता पाठवू का तुमच्या मुख्याध्यापकांना?

सह्यकडा

आत्याची डॉपलर उद्या आहे. बरोबर काय न्यायचं, काय सांगायचं?

शल्यकर्मी

सैल कपडे, जांघेपर्यंत पाय उघडा करता येईल असे. शक्यतो दुपारनंतरची वेळ घ्या, तेव्हा शिरा भरलेल्या असतात. त्यांना पूर्वी पायात गुठळी झाली होती का, रक्त पातळ करणारी किंवा हार्मोनची गोळी चालू आहे का, घरात कोणाला गुठळ्या झाल्या का, हे कागदावर लिहून न्या. तपासणी झोपवूनच उरकायला लागले तर उभं करून बघा असं नम्रपणे सांगा.